कोंडाईचा तिरळा देव

“सांधोबाला हलवून दाखव. न्हाईतर मिशा काढ.”

एवढंच म्हणाला लिंबा. आणि गुणाजी पाथरवट म्हणाला, “हलवतो.” झालं. तिथंच त्यानं माती खाल्ली.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. गुरुजींना विचारलं तर ते चष्मा पुसत बसतात, आणि म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर जो तो शंभर वर्षं वाढवून सांगतो. तेव्हा आमच्या उंबरघळीला एसटी येत नव्हती, कारण एसटीच नव्हती. दवाखाना नव्हता. पण मोडायला हाडं मात्र भरपूर होती, कारण गाव डोंगराच्या कडेला टांगलेलं आणि माणसं आत्तासारखीच धडपडी.

ती हाडं बसवायची कोंडाई.

कोंडाई उंच, काळी, आणि तिच्या हाताची बोटं एवढी लांब की शेजारणी म्हणायच्या, हिला डोळे नसते तरी चाललं असतं. असं म्हणतात, ती नुसतं चाचपून सांगायची, हाड मोडलंय, चिरलंय का मुरगळलंय. असं म्हणतात, ती अंगणात पाठ करून बसलेली असायची आणि मागनं येणाऱ्याच्या पावलांवरनं म्हणायची, “डाव्या घोट्याला कधी लागलं रं?” एकदा वीज पडून पिंपळाची फांदी लोंबायला लागली. कोंडाईनं तिला कांबट्या बांधल्या, म्हणजे बांबूच्या चपट्या पट्ट्या, आणि चाळीस दिवसांनी फांदीला पालवी फुटली. कुण्या सरदाराच्या हत्तीचा पाय तिनं शिडीवर चढून बसवला. आमच्या घाटात हत्ती चढला कसा, हे विचारायचं नसतं. असं म्हणतात म्हणजे असं म्हणतात.

तिच्या घरासमोर करंजाचं झाड, झाडाखाली चौथरा, आणि चौथऱ्यावर सांधोबा. सांध्यांचा देव म्हणून सांधोबा. नारळाएवढा गोल दगड, वर शेंदूर, शेंदरात चिकटवलेले चांदीचे दोन डोळे. मोडलेल्या माणसाला कोंडाई त्याच्यासमोर बसवायची आणि म्हणायची, “देवाकडं बघ.” माणूस देवाकडं बघायचा आणि तेवढ्यात ती हिसका द्यायची. कट्! हाड जागेवर. मग करंजाचं तेल, कापड, कांबट्या, आणि चाळीस दिवस हलवायचं नाही. घ्यायची एक नारळ, त्यातलाही अर्धा परत हातावर.

आता गुणाजीचं ऐका. नाव गुणाजी, आणि बाकी सगळे अवगुण. गाढवाच्या शेपटीला डबा बांध, झोपलेल्या माणसाला काजळानं दाढी काढ, असले धंदे. पण हातात टाकी आणि हातोडा आला की पोरगा सोनं. त्याचा बाप पाथरवट, तोही पाथरवट. दगड फोडायचे आणि पाटे-वरवंटे, जाती, कधीमधी मूर्ती घडवायच्या. त्यामुळं त्याचं डोकं जरा वेगळं चालायचं.

“मी एकाच खडकातनं सकाळी वरवंटा काढतो आन दुपारी मारुती,” तो म्हणायचा. “सकाळच्यानं चटणी वाटायची आन दुपारच्याच्या पाया पडायचं, हे ठरवलं कुणी? देव हाय म्हणता, तर पुरावा दाखवा की!”

लिंबा त्याचा जिवाचा दोस्त. मेंढरं राखायचा आणि देवाला जाम घाबरायचा.

“पुरावा पायजे?” लिंबा म्हणाला. “सांधोबाला हात लाव. जागच्या जागी हात झडंल.”

“आन न्हाई झडला तर?”

“तर मी मिशा काढतो. पर नुसता हात लावून भागायचं न्हाई, हलवून दाखव. न्हाईतर तू काढ.”

दोघांच्या मिशा नुकत्याच फुटत होत्या. दोघांच्या जोडल्या असत्या तर कशीबशी एक झाली असती. पण पैज ती पैज.

उन्हाळ्याची भर दुपार. माणसं झोपली, कुत्री झोपली, कोंडाई पलीकडच्या वाडीला कुणाचा खांदा बसवायला गेलेली. गुणाजीनं सांधोबाचे चांदीचे डोळे हळूच काढले. देव उचलला, पिशवीत टाकला. त्याच्या जागी स्वतः घडवलेला एक बुटका वरवंटा उभा केला, त्याला तेलात कालवून शेंदूर फासला आणि मेणानं डोळे चिकटवले. घाईत एक डोळा जरा वर गेला. बस्स. लिंबा लांबनं बघत होता, डोळ्यांवर हात ठेवून, बोटांच्या फटीतनं.

हात काही झडला नाही.

गुणाजीनं ओढ्यावर देवाचा शेंदूर खरवडून धुतला, म्हणजे कुणाच्या ध्यानात यायला नको, आणि देव घरामागच्या दगडांच्या ढिगात लपवला. दोन दिवस गावाची मजा बघू आणि गुपचूप परत ठेवू, असा त्याचा बेत. पण दुसऱ्या दिवशी तो खाणीवर गेलेला असताना गावकरी गाडी घेऊन आले. नदीच्या घाटाचं काम चाललं होतं, पायऱ्यांखाली भरावाला दगड पाहिजे होते. बाप म्हणाला, न्या की. पाच गाड्या दगड गेले.

गुणाजी धावत घाटावर गेला. समोर हजारो दगड. गोल, लांब, चपटे, सगळे उघडे. तो एकेक उचलून बघायला लागला. ज्याला नुसत्या टिचकीच्या आवाजावरनं दगडाची जात कळायची, त्याला देव ओळखता येईना. शेंदूर काढल्यावर देव आणि दगड यात फरक काय, हे तोच तर गावभर विचारत फिरत होता! आता तोच प्रश्न त्याच्यासमोर ढीग होऊन पडला. संध्याकाळपर्यंत गवंड्यांनी वर पायऱ्या बसवल्या आणि विषय संपला.

म्हणजे खरं तर सुरू झाला.

कोंडाई वाडीवरनं परतली आणि सकाळी तिनं देवाला आंघोळ घातली, शेंदूर लावला, फूल वाहिलं. काही बोलली नाही. लोक मात्र बोलले. “देव तिरळा झाला!” कुणी म्हणालं, देवानं आपल्यावरची नजर काढली. कुणी म्हणालं, नाही, एक डोळा आपल्यावर आणि दुसरा वरच्या वाडीवर ठेवलाय, तिकडचे लोक लबाड आहेत. पण हाडं बसायची थांबली नाहीत. उलट कोंडाईचं नाव सात गावं पुढं गेलं. माणसं डोलीतनं यायची आणि पायानं जायची.

गुणाजी लिंबाला म्हणाला, “बघितलंस? वरवंट्यापुढं बी हाडं बसत्यात. म्हंजी देव न्हाई. काढ मिशा.”

लिंबा म्हणाला, “म्हंजी वरवंटा सुदिक देव झाला! केवढा मोठा पुरावा! तू काढ मिशा.”

दोघं ओढ्याकाठी सकाळपासून दुपारपर्यंत भांडले. एकच गोष्ट दोघांनी डोळ्यांनी बघितली होती, आणि एकाला ती डावीकडनं पटत होती, एकाला उजवीकडनं. शेवटी भूक लागली, तेव्हा दोघांनी ठरवलं की मिशा राहू देत.

अशी सात वर्षं गेली. गुणाजीचं लग्न झालं, पाळणा हलला. बाप गेला. घरात म्हातारी आई, बायको, पोरगी, आणि सगळ्यांची भाकरी त्या एका उजव्या हातावर. सांधोबासमोरनं जाताना मात्र तो मान खाली घालून जायचा. लोकांना वाटायचं, किती भक्ती!

मग एक दिवस खाणीत शिळा सरकली आणि गुणाजीचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला.

लिंबानं त्याला पाठीवर घालून आणलं आणि कोंडाईच्या चौथऱ्यावर बसवलं. समोर कोण? तिरळा सांधोबा. म्हणजे त्यानंच घडवलेला, त्यानंच रंगवलेला वरवंटा. जगातला एकच माणूस असा, ज्याला त्या देवाचं वजनसुद्धा ठाऊक होतं.

“देवाकडं बघ,” कोंडाई म्हणाली.

गुणाजी हाताकडं बघायला लागला. नजर हातावर म्हणजे सगळा जीव हातावर, आणि हात लाकडासारखा ताठ. कोंडाईनं ओढलं. हाड बसलं नाही. गुणाजी असा ओरडला की करंजावरचे कावळे उडाले, असं म्हणतात.

“देवाकडं बघ म्हणलं ना!”

त्यानं बघितलं. तो वर गेलेला डोळा दिसला. त्याला रडता रडता हसू यायला लागलं आणि हसता हसता रडू. हात परत ताठ. दुसऱ्यांदा बसलं नाही. तिसऱ्यांदाही नाही. सूज चढत होती. सूज चढली की हाड वाकडं जुळणार, आणि मग टाकी कायमची सुटली. बायको चौथऱ्याच्या कडेला पोरगी पोटाशी धरून उभी होती. तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

तेव्हा कोंडाई वाकली आणि त्याच्या कानात हळूच म्हणाली, “का रं गुण्या, सवताच्याच वरवंट्याकडं बघायला लाज वाटती व्हय?”

“आँ?” गुणाजीचं तोंड उघडंच राहिलं. सगळा जीव हातातनं निघून तोंडात आला.

कट्!

हाड जागेवर.

त्यानंतर दर आठ दिवसांनी गुणाजी तेल लावून बांधून घ्यायला जायचा. पहिल्या वेळी त्यानं मान वर केली नाही. दुसऱ्या वेळी विचारलं, “कोंडाई, तुला कधीपासनं ठावं हुतं?”

“पयल्या सकाळपासनं. माजा देव गोल हुता, ह्यो लांबुडका. रोज आंगुळ घालती मी त्येला. आन त्येच्यावरचा टाकीचा घाव तिरका. तुज्या बाचा घाव सरळ पडायचा, तुजा तिरका पडतो. गावात दुसरं कोण हाय तिरकं?”

“मग बोलली का न्हाईस?”

कोंडाई कापड गुंडाळत म्हणाली, “बोलणार हुते. पण त्याच वक्ताला वरच्या वाडीच्या लोकांनी बाज आणून टेकवली. मांडी मोडलेला गडी. गुरासारखा वरडत हुता. आता देव हुडकत फिरू, का मांडी बसवू? मी वरवंट्याला म्हणलं, बाबा, आजच्या दिस तू बस.”

“आन?”

“आन बसला की. दुसऱ्या दिशी आनी कोणतरी आलं. पुन्यांदा म्हणलं, आजच्या दिस बस. सात वर्सं झाली. रोज म्हणती. एका दिशी बी न्हाई म्हणला न्हाई बिचारा.”

गुणाजीला हसू आलं, पण तो पाथरवट होता. सहज सोडणाऱ्यातला नव्हता.

“पण कोंडाई, तुला सोत्ताला ठावं हुतं ह्यो वरवंटा हाय. तरी हात जोडलेस. पुराव्याबिगर इश्वास ठेवायचा, ही येडेपणाची गोष्ट न्हाई का?”

“हाड मोडलं की आतलं दिसतं का मला?”

“न्हाई.”

“बोट जेवढं पोचतं तेवढं मी चाचपती. दहादा चाचपती. त्येच्या म्होरं अंधार. बसलं का न्हाई ते कळतं चाळीस दिसांनी. पर वडायचं कवा लागतं?”

“लगीच. सूज यायच्या आत.”

“मग चाळीस दिस थांबती, आदी कळू दे, पुरावा येऊ दे, मग वडती, असं म्हणलं तर?”

गुणाजीनं आपल्या हाताकडं बघितलं. “तर वाकडं जुळंल.”

“त्या मधल्या चाळीस दिसांसाठी मला कोणतरी लागतो,” कोंडाई म्हणाली. “तवर माजा हात कापू नये म्हणून. तू त्येला देव म्हण, न्हाईतर नको म्हणू.”

“मग काय, उद्या कोण म्हणलं वड्यातल्या बेडकाच्या पाया पडा, तर पडायचं?”

“मुडद्या!” कोंडाईनं गाठ जरा जोरात आवळली. “परवा एक बाई आली, म्हणती, देवाला कौल लावा, पोराचा पाय मोडलाय का मुरगळलाय. मी म्हणलं, देवाला कशाला तरास, पाय आण हिकडं. जितं बोट पोचतं तितं देवाला इचारायचं न्हाई. आन जितं पोचत न्हाई, तितं हात आखडून बसायचं न्हाई. एवढंच मला कळतं. तुला पटतं का बघ.”

गुणाजी म्हणाला, “अर्धं पटलं.”

“अर्धं तर अर्धं. घरला जा.”

जाताना तो उंबऱ्यात घुटमळला. “कोंडाई, कुणाला सांगू नगंस.”

“मी कशाला सांगू? हाड मी बसवलं, तोंड तुजं तू उघड.”

चाळीस दिवस झाले. एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी कोंडाईनं कांबट्या सोडल्या. मूठ मिटली, मूठ उघडली. आणि नेमकी त्याच दिवशी चैत्रातली सांधोबाची जत्रा.

चौथऱ्याभोवती पंचक्रोशी जमलेली. पाटील आले, नारळ फुटला, वाजंत्री वाजली. चैताचं ऊन असलं कडक की सात वर्षांचा शेंदूर, बोटभर जाड झालेला, तापून तापून तडकला. सगळ्यांच्या देखत देवाचं कवच गळून पडलं. डोळे पायरीवर खळ्ळकन पडले.

आत होता वरवंटा.

पुरुषांना काही कळलंच नाही, त्यांनी जन्मात वरवंटा धरलाय कुठं! ते भक्तिभावानं हात जोडून उभे. पण पहिल्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “अगं बया! ह्यो तर वरवंटा! आन टाकी लावायला झालाय की!”

मग जो गलका झाला, तो खालच्या खोऱ्यात ऐकू गेला, असं म्हणतात.

“कोंडे!” रंगराव पाटील गरजले. “सात वर्सं आमास्नी वरवंट्याच्या पाया पडाय लावलंस?”

“पाटील, तुमचा गुडघा कसा हाय?” कोंडाईनं विचारलं.

“बरा हाय.”

“मग झालं तर.”

पण झालं नाही. पाटलांनी गुडघ्याकडं बघितलं आणि त्यांच्या तोंडाचा रंग उडाला. “म्हंजी माजा गुडघा... वरवंट्यानं बसलाय?” आणि खरं सांगतो, त्यांनी एक पाऊल टाकलं तर लंगडत! त्यांच्यामागं एकानं खांदा धरला. दुसऱ्यानं कंबर धरली. ज्यांची ज्यांची हाडं त्या सात वर्षांत बसली होती, ती सगळी माणसं बघता बघता लंगडायला, वाकायला, कण्हायला लागली. तोवर नाचत होता तो ढोलवाला ढोल ठेवून मांडी चोळायला लागला. जत्रा राहिली बाजूला, सगळं गावच मोडून पडल्यासारखं झालं.

“आमचा देव कुठाय?” पाटील म्हणाले. “कुठं इकलास? बोल!”

देव कुठं गेला हे कोंडाईला ठाऊक नव्हतं, आणि कुणी नेला ते ती सांगणार नव्हती.

“मग ऐक. दिस मावळायच्या आत देव आण. न्हाईतर गावची शीव वलांडायची. पुन्यांदा उंबरघळीत पाय ठिवायचा न्हाई.”

कोंडाई आत गेली. कांबट्यांची मोळी बांधली, तेलाचा बुधला घेतला, पदर खोचला आणि बाहेर आली. एवढंच तिचं सामान. पंचवीस वर्षं गावाची हाडं बसवलेली बाई पायरी उतरायला लागली, आणि तिला थांब म्हणायला कुणाची जीभ उचलेना.

गर्दीत गुणाजी उभा होता. शेजारी लिंबा. लिंबानं त्याचा दंड चिमटीत धरला आणि दातातल्या दातात म्हणाला, “गप उभा राहा. जीव घेत्याल तुजा. पोरगी ल्हान हाय तुजी.”

आता इथं मी थांबतो. अडवायचं म्हणून थांबत नाही, आमच्याकडं ही गोष्ट अशीच सांगतात. पुढचं आधी आणि शेवट शेवटी. कारण शेवटचे शब्द एकट्या सांगणाऱ्यानं म्हणायचे नसतात.

तर पुढचं असं. कोंडाई कुठंही गेली नाही. ती याच गावात पिकून म्हातारी झाली, आणि मरतानासुद्धा शेजारणीची करंगळी बसवूनच गेली, असं म्हणतात. गुणाजीला शिक्षा झाली ती अशी, की रोज सकाळी वरवंट्याला त्यानं आंघोळ घालायची. ती त्यानं मरेपर्यंत घातली. अर्धंच पटलं होतं, पण एक दिवस चुकला नाही.

तो वरवंटा अजून चौथऱ्यावर आहे. त्याला शेंदूर लावत नाहीत, उघडाच ठेवतात. वरवंटा आहे हे सगळ्यांना दिसलं पाहिजे म्हणून. चैत्रातल्या त्या दिवशी गावात कुणीही वाटण वाटत नाही. कोंडाईच्या नावानं त्या दिवशी वरवंट्याला सुट्टी. आमच्या घरी मिक्सरलासुद्धा. आई त्याला हळदकुंकू लावते आणि आम्ही बिनवाटणाची आमटी पितो.

घाटावर गेलं की आम्ही एकेका पायरीला हात लावून तो कपाळाला लावतो आणि मगच उतरतो. एकतीस पायऱ्या आहेत. बाहेरगावची माणसं हसतात. पण भरावात एक देव आहे हे नक्की आहे, फक्त कुठल्या पायरीखाली ते माहीत नाही. मग काय करणार, सांगा? वाकायला काय जातंय!

आणि कुणाचं हाड मोडलं तर आता तालुक्याला नेतात, फोटो काढतात, प्लास्टर घालतात. तेच बरं आहे, कोंडाईलाही तेच पटलं असतं. बोट पोचत नव्हतं तिथं आता मशीन पोचतं. पण प्लास्टर घालून आलेला माणूस आधी घरी जात नाही. तो चौथऱ्यावर बसतो आणि आपण केलेली एक तरी लबाडी मोठ्यानं सांगतो. हाड त्याशिवाय नीट जुळत नाही म्हणतात. पुरावा नाही. पण सांगून झालं की माणूस असा मोकळा होऊन घरी जातो, की घरचे म्हणतात, अर्धं दुखणं तिथंच ठेवून आला. आमच्या सरपंचांचा पाय मोडला होता तेव्हा ते दीड तास बसले होते.

जत्रेला मात्र सगळं गाव बसतं. ही गोष्ट सांगतात आणि शेवटचे दोन शब्द सगळे मिळून म्हणतात. तेव्हा आता तयार राहा.

कोंडाईनं शेवटच्या पायरीवरनं पाय खाली टाकला. दिवस डोंगराकडं कलायला लागला होता. गुणाजीनं सगळ्या गावाकडं बघितलं. सगळे लंगडत होते, कण्हत होते. आणि त्याच्या ध्यानात आलं की आपल्या एकट्याचाच हात दुखत नाही. सकाळी सुटलेला, सगळ्यात ताजा, सगळ्यात कच्चा हात. तोच तेवढा दुखत नाही.

त्यानं लिंबाची चिमटी सोडवली. चौथऱ्यावर चढला, वरवंटा उजव्या हातात धरला, आणि डोक्याच्या वर सरळ उचलला.

“बघा!” तो ओरडला. “आज सकाळी कांबट्या सुटल्या. दुखत न्हाई. तुमाला आत्ता कळलं म्हणून तुमचं दुखाय लागलं. मला पयल्यापासनं ठावं हुतं ह्यो वरवंटा हाय. कोंडाईनं माजं हाड वडलं तवा बी ठावं हुतं. तरी बसलं! तुमची बी बसल्यात, सरळ चाला की लेको!”

पाटलांनी एक पाऊल टाकलं. मग दुसरं टाकलं. गुडघा दुखेना. ढोलवाल्यानं मांडी चोळायची थांबवली. एकेक खांदा, एकेक कंबर, मोकळी व्हायला लागली. कुणीतरी हसलं. त्याला बघून दुसरं हसलं. सगळ्या जत्रेनं सुस्कारा सोडला, तेव्हा करंजाची पानं हलली, असं म्हणतात.

सगळं निभावलं होतं. गुणाजी वरवंटा खाली ठेवून गर्दीत मिसळला असता, तरी चाललं असतं.

पण पाटील होते पाटील. ते दोन पावलं सरळ चालत पुढं आले, आणि मान तिरकी करून म्हणाले, “गुणाजी, एक सांग. आमास्नी कुणालाच ठावं नसताना, ह्यो वरवंटा हाय हे तुला रं कसं ठावं?”

लिंबानं डोळ्यांवर हात ठेवला. कोंडाई वाटेत थांबली, पण वळून बघितलं नाही.

गुणाजीनं बायकोकडं बघितलं, तिच्या कडेवरच्या पोरीकडं बघितलं. वरवंटा जपून जागेवर ठेवला.

आणि म्हणाला,

“मी केलं!”